उसनं टोक

२०२० साली नागपुरात मेयो रुग्णालयापुढच्या रांगेत उभं राहून ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. त्यातलं ‘आरटी’ म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन, आरएनएवरून डीएनए लिहिणं. कोरोनाचा विषाणू स्वतः हे करत नाही. चाचणीत ते काम करणारं विकर (एन्झाइम) मुळात रेट्रोव्हायरसांकडचं, म्हणजे आपल्या आरएनएवरून डीएनए लिहिणाऱ्या विषाणूंकडचं.

या विषाणूंची गोष्ट १९११ पासूनची. पेटन रूस यांनी कोंबडीतला गाठीचा कर्करोग गाळलेल्या, पेशी नसलेल्या अर्कातून दुसऱ्या कोंबडीत नेऊन दाखवला. विषाणूत आरएनए, तरी संसर्ग पिढ्यान्‌पिढ्या पेशीत टिकतो, हे कसं? मधे डीएनएची प्रत बनत असणार, असं हॉवर्ड टेमिन १९६४ पासून सांगत होते आणि फारसं कुणी मनावर घेत नव्हतं. १९७० मध्ये टेमिन व मिझुतानी यांनी आणि स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी विकरच दाखवलं, तेव्हा कुठे वाद मिटला.

पण या विकराची एक अडचण आहे. ते कोऱ्या जागेवर पहिलं अक्षर, म्हणजे साखळीचा पहिला घटक, मांडू शकत नाही. आधीच्या एखाद्या साखळीचं मोकळं टोक लागतं, त्याला ते पुढची अक्षरं जोडत जातं. आमच्या पाचपावलीतला विणकर नव्या ताण्याचे धागे मागावर उरलेल्या जुन्या धाग्यांना पीळ देऊन जोडतो, तसंच काहीसं. मग विषाणूकडे जुना धागा कुठला? सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत उत्तर आलं: तो यजमान पेशीचाच टीआरएनए, प्रथिनं बनवताना अमिनो आम्लं वाहून आणणारा हमाल. रूसच्या विषाणूनं ट्रिप्टोफॅनचा हमाल पळवला होता. उंदरातल्या ल्युकेमिया विषाणूचा प्रोलिनचा निघाला, पुढे एचआयव्हीचा लायसिनचा.

वर्गात हे शिकवताना मी तिन्ही विषाणूंच्या आरएनएवरची टीआरएनए चिकटण्याची जागा फळ्यावर लिहितो. प्रत्येकी १८ अक्षरं. अक्षरं वेगवेगळी, पण सुरुवात तिन्हींची ‘यूजीजी’. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं बरोबर पकडते: सर, टीआरएनएचं शेपूट नेहमी ‘सीसीए’च असते ना? तेच. जोडी उलट्या दिशेनं जुळते, म्हणून ‘यूजीजी’.

गंमत पुढेच. ही जागा आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाजवळ असते. एचआयव्हीत जेमतेम १८० अक्षरं लिहून होतात, तोच कागद संपतो. मग तो अर्धवट तुकडा आरएनएच्या दुसऱ्या टोकावर उडी मारतो आणि तिथून उरलेलं लिखाण चालू होतं. पहिल्यांदा ऐकताना हा कारभार उफराटा वाटतो, पण याच उड्यांमुळे डीएनएच्या दोन्ही टोकांना सारखे तुकडे तयार होतात.

टीआरएनए योगायोगानं हाती लागतो, असंही नाही. एचआयव्ही नवा कण बांधतानाच लायसिनचे टीआरएनए आत भरून घेतो. त्यांना लायसिन चढवणारं पेशीचं विकरही सोबत आत येतं, हे २००१ मध्ये दिसलं.

आपल्या गुणसूत्रांतही जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत, आणि त्यांच्या कुळांना (एचईआरव्ही) नावं देताना हाच टीआरएनए धरला गेला, शेवटचं अक्षर म्हणजे अमिनो आम्लाची एकाक्षरी खूण: एचईआरव्ही-के म्हणजे लायसिन, एचईआरव्ही-एच म्हणजे हिस्टिडिन. वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन-१ हे प्रथिन एचईआरव्ही-डब्ल्यू कुळातलं. डब्ल्यू म्हणजे ट्रिप्टोफॅन, रूसच्या कोंबडीतल्या विषाणूचाच हमाल.