मान्सूनच्या अंदाजाची संगणकीय प्रारूपे

हवामानाचे संगणकीय प्रारूप, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘मॉडेल’, हे वातावरणाचे गणित असते. पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकटींत तुकडे पाडायचे, प्रत्येक चौकटीत आत्ताचे तापमान, दाब, वारा आणि बाष्प भरायचे आणि भौतिकशास्त्राची समीकरणे काही मिनिटांच्या टप्प्यांनी पुढेपुढे सोडवत न्यायची. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी २० मे १९१० या दिवसाचे असे गणित हाताने मांडून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल, असे अशक्य उत्तर आले. वाट मात्र योग्य होती. १९५० मध्ये अमेरिकेत एनिअॅक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला गेला; त्याला वेळही जवळजवळ चोवीस तासच लागला.

भारतात मान्सूनचा हंगामी अंदाज दीर्घकाळ संख्याशास्त्रावर चालला. १९८८ पासून वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे सूत्र वापरात होते. २००२ च्या जुलैत देशात सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हे सूत्र तो दुष्काळ सांगू शकले नाही. जुन्या वर्षांशी जुळवलेले सूत्र नव्या परिस्थितीत अडते. म्हणून समीकरणांवर चालणाऱ्या प्रारूपांकडे वळणे भागच होते, आणि खरी मेहनत तिथून पुढे सुरू झाली.

२०१२ मध्ये ‘मान्सून मिशन’ सुरू झाले. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने त्यासाठी सीएफएस हे अमेरिकी प्रारूप घेतले. ते भारताच्या भूभागावर प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस पाडत असे. अशी चूक एखादा आकडा बदलून जात नाही. मान्सूनचे ढग चौकटीपेक्षा लहान असतात. प्रारूपाला ते दिसतच नाहीत, त्यांचा परिणाम सूत्रांनी अजमावून भरावा लागतो. वळिवाचेच पाहा. मराठवाड्यात दुपारभर उकडते, ढग चढत जातात आणि संध्याकाळी सर कोसळते. अनेक प्रारूपांत हाच पाऊस भर दुपारी, हलका आणि जवळपास रोज पडतो. दिवसाची बेरीज जुळली तरी ढगाचे वागणे चुकलेले असते. ते नीट समजावे म्हणून संस्थेने विमानातून ढगांची मोजमापे केली आणि महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तिथे ढग दारातच येतो.

दुसरा प्रश्न चौकटीच्या मापाचा. महाबळेश्वर आणि वाई यांत हवाई अंतर सुमारे २५ किमी. एकीकडे वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछाया. सीएफएसच्या ३८ किमीच्या चौकटीत ही दोन्ही गावे एकत्र येऊ शकतात आणि त्यांना एकच पाऊस मिळतो. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, वेळेचे टप्पेही दुप्पट करावे लागतात. म्हणजे गणित किमान आठपट वाढते. त्यामुळे या प्रगतीला महासंगणकांचा वेग बांधलेला आहे. पुण्यात २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला, २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘अर्क’ (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते). मे २०२५ मध्ये पुण्याच्या संस्थेने घडवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सेवेत आली. तिची चौकट उष्ण कटिबंधात सुमारे ६ किमीची आहे. आधीच्या जागतिक प्रारूपाची १२ किमी होती.

बारीक चौकट पुरेशी नसते. सुरुवातीची स्थिती थोडी चुकली तरी ती चूक दिवसागणिक वाढते, हे अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६३ मध्ये दाखवले. म्हणून उपग्रह, रडार, फुगे आणि जहाजांवरची निरीक्षणे प्रारूपात पुन्हापुन्हा मिसळावी लागतात. शिवाय आरंभ किंचित बदलून एकाच वेळी अनेक अंदाज काढतात. ते सगळे एकीकडे झुकले तर भरवसा जास्त, पांगले तर कमी. मला वाटते, लोकांपर्यंत ही शक्यता पोहोचणे अंदाजाइतकेच मोलाचे आहे. शेतकऱ्याला पेरणी करायची की थांबायचे, हे तिच्यावरूनच ठरवता येते.

नवे प्रारूप वापरात आणण्याआधी त्याच्याकडून जुन्या वर्षांचे अंदाज करवून घेतात आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहतात. २६ जुलै २००५ ही अशा परीक्षेतली फार अवघड तारीख. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला फक्त ७३. संशोधकांनी तो दिवस अनेक प्रारूपांत पुन्हा चालवून पाहिला आहे. काहींत पाऊस तेवढाच जोरदार येतो, पण मुंबई सोडून दुसरीकडे सरकतो.