घारीला हात कसा लावू नये

किंक्रांतीच्या सकाळी साडेसातला नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा तांदळाच्या पिशवीत घार घेऊन जखमी पक्ष्यांच्या आमच्या केंद्रावर आला. रात्रभर ती त्यांच्या गच्चीवरच्या टाकीच्या पाइपला मांज्याने लटकलेली होती. "एकदम शांत आहे जी ताई," तो कौतुकाने म्हणाला. "चोच मारून नाही राहिली, काही नाही. माणसाळली वाटते."

ती माणसाळली नव्हती, घाबरून गोठली होती. तिला वाचवायलाच पिशवीत घातलं, हे घारीला कळायला काही मार्ग नाही. तिच्या हिशोबात समोर डोळे असलेला, तिच्या कितीतरी पट मोठा प्राणी जवळ आला आणि त्याने तिला धरलं, म्हणजे आता तो तिला खाणार. सुटायला जागा नसेल तर पक्षी निपचित पडतो, पण आत हृदय धडधडत असतं आणि स्नायू ताणलेले असतात. ही अवस्था लांबली तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतला कचरा रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड, हृदय कोलमडतं. पशुवैद्य याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. जखम किरकोळ, टाके व्यवस्थित, आणि पक्षी तिसऱ्या दिवशी मेलेला, असं झालं की आम्हाला आधी हाच संशय येतो.

त्यामुळे पहिला उपचार म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं. तळाला जुना टॉवेल, बाजूंना चार भोकं आणि झाकण बंद. डोळ्यांवर जगणाऱ्या पक्ष्याला अंधार झाला की बरंच शांत वाटतं. आणणाऱ्यांना हे पटत नाही. "एकदा उघडा ना, फोटो घेतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवते.

धरण्याचंही असंच. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खाली-वर होतं, त्याने आतल्या हवेच्या पिशव्या भात्यासारख्या चालतात आणि फुप्फुसांतून वारा फिरतो. प्रेमाने छातीशी घट्ट आवळलेला पक्षी नाक-तोंड मोकळं असूनही गुदमरतो. म्हणून पाय धरायचे, पंख अंगाशी मिटवून ठेवायचे आणि छाती मोकळी सोडायची. वेल्डिंगवाल्यांचे चामडी हातमोजे त्याच कामाचे. घारीच्या चोचीपेक्षा नख्या जास्त लागतात. आणि पाणी अजिबात पाजायचं नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, बाटलीच्या झाकणाने ओतलेलं पाणी सरळ तिथे उतरतं. आमच्याकडे आलेली काही पाखरं तहानेने नाही, पाण्याने मेली आहेत. याच्याही पुढची एक गोष्ट मला केंद्रावर आल्यावरच कळली. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि ती पोकळी हवेच्या पिशव्यांना जोडलेली असते. ते हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल आणि कुणी भरभरून पाणी ओतून जखम धुतली, तर ते पाणी श्वासाच्या वाटेला लागू शकतं. पंख धुताना पक्षी बुडावा, हे ऐकायला विचित्र आहे, पण तसं होतं खरं.

त्या घारीचं हाड शाबूत होतं. कापली गेली होती ती खांद्यापासून मनगटापर्यंत ताणलेली कातडीची पातळ घडी. पंख उघडला की ही घडी पंखाची पुढची कड होते, आणि तिच्या काठाने एक लवचिक स्नायुबंध धावतो. वारा कापणारी धार तीच. पसरले पंख दीड मीटरच्या आसपास आणि वजन पाऊण किलोच्या आगेमागे, अशा पक्ष्याचं तरंगणं या धारेच्या आकारावर चालतं. तो स्नायुबंध तुटला की हाडं, पिसं सगळं जागेवर असून घार उडत नाही. घडीत रक्तवाहिन्या थोड्या, त्यामुळे ती लवकर वाळते. रात्रभर लटकलेल्या पक्ष्यात म्हणूनच एकेका तासाचा हिशोब असतो.

घारीची नजर इतकी तेज, मग तिला दोरा दिसत नाही का? हा प्रश्न प्रत्येक शाळेत येतो. तेज नजर म्हणजे लांबचं बारीक दिसणं, त्यात शिकारी पक्षी आपल्याला मागे टाकतात. पण फिकट आकाशावरची फिकट रेघ वेगळी ओळखणं, म्हणजे रंगछटेतला थोडासा फरक पकडणं, यात ते आपल्याहून कमी पडतात. त्यात उडताना घारीचं लक्ष खाली असतं. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवरून "ओ काट" चालू असतं तेव्हा ती भांडेवाडीच्या कचऱ्यावर किंवा एखाद्या खाटकाच्या दुकानामागे काय पडलंय ते पाहत असते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये नायलॉन आणि काचेचा थर दिलेल्या सिंथेटिक मांज्यावर देशभर बंदी घातली. तरी चक्र्या विकल्या जातात, आणि सुती दोरा झाडावर कुजतो तसा नायलॉन कुजत नाही. जानेवारीत अडकलेला मांजा पक्ष्यांना पावसाळ्यातही धरतो. आपल्याकडे घारी घरटी बांधतात तीही याच दिवसांत. म्हणजे जानेवारीत एक घार तुटली की कधी कधी एक घरटंही मोडतं.

असा पक्षी कायद्याने वनविभागाचा. सेमिनरी हिल्सवर त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, १९२६ ही हेल्पलाइन आहे. टाके, भूल, एक्स-रे हे डॉक्टरांचं काम. आम्ही स्वयंसेवक म्हणजे मधले हमाल. आणायचं, वजन करायचं, पिंजरे धुवायचे, खाऊ कापायचा.

खाऊ म्हटलं की लोक चिकनचे बिनहाडाचे तुकडे आणून देतात, स्वच्छ, धुतलेले. त्यावर वाढलेल्या पिल्लाची हाडं रबरासारखी वाकतात. नुसत्या मांसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस पंधरा-वीस पट असतो. वाढत्या पिल्लाला गरज उलटी, कॅल्शियम जास्त. रानात तो हिशोब आपोआप जुळतो, कारण उंदीर हाडांसकट गिळला जातो. म्हणून आमच्या फ्रीजरमध्ये उंदीर आणि हॅचरीतून आणलेली एका दिवसाची मेलेली कोंबडीची पिल्लं असतात. खूप दिवस उपाशी राहिलेल्या पक्ष्याला मात्र पहिल्या दिवशी हेही नाही. आधी डॉक्टर द्रव देतात, मग केस-हाडं काढलेले दोन-चार तुकडे. भरल्या ताटाने उपाशी पक्षी दगावतो.

गिळलेल्या केसांचं आणि हाडांचं पुढे काय होतं, यावर आमचा शाळेच्या मुलांसाठीचा अर्धा वर्ग चालतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९७४ मध्ये सुरू झालेलं शिकारी पक्ष्यांचं केंद्र आहे. तिथे परत सोडता न येणारे पक्षी हातमोज्यावर बसवून मुलांना दाखवतात. आम्ही जखमी पक्षी मुलांसमोर आणत नाही. आम्ही दाखवतो गव्हाणी घुबडाने ओकलेली गोळी. काळी, वाळलेली, अंगठ्याहून थोडी जाड. घुबडाच्या जठरातलं आम्ल सौम्य असतं, त्यामुळे हाडं जवळजवळ जशीच्या तशी केसांत गुंडाळून बाहेर येतात. घारीच्या, शिक्र्याच्या गोळीत हाडं फारशी सापडत नाहीत, ती आतच विरघळतात.

डिसेंबरात सातवीतली एक मुलगी गोळीला हात लावायला तयार नव्हती. आजीने सांगितलं होतं, घुबडाला दगड मारला तर ते तो झेलून झिजवत बसतं आणि दगडासोबत माणूसही झिजतो. मी म्हटलं, मग दगड नको मारू, चिमटा घे. तिने चिमट्याने केस बाजूला केले, दोन थेंब पाणी टाकलं आणि एक कवटी काढली. नारिंगी पुढचे दात, म्हणजे उंदीर. मग दुसरी, तिसरीही तशीच. चौथी लांबट, निमुळती, ती चिचुंद्रीची. चारही कागदावर ओळीने मांडून तिने विचारलं, "हे सगळे एकाच रात्रीचे?" बहुतेक हो. मग तिने वहीत चार गुणिले तीनशे पासष्ट करायला घेतलं आणि बाईंनी बस आली म्हणून हाक मारेपर्यंत मान वर केली नाही.

आता आमची चूक. काही वर्षांपूर्वी एका फ्लॅटच्या डक्टमधून गव्हाणी घुबडाचं दोनेक आठवड्यांचं पिल्लू आलं. आणणाऱ्यांना ते गिधाडाचं वाटलं होतं. पांढरा कापूस आणि त्यातून निघालेला म्हाताऱ्यासारखा चेहरा पाहून बहुतेकांना तसंच वाटतं. त्या वेळी मी नवीन होते. आम्ही पाच-सहा जणांनी त्याला नाव ठेवलं, मांडीवर घेऊन भरवलं, त्याच्याशी बोललो. या वयात पिल्लू जे तोंड रोज बघतं त्यालाच आपली जात समजतं. मोठं झाल्यावर ते उडायला उत्तम शिकलं, पण माणूस दिसला की अंगावर झेपावून खाणं मागायचं. असं घुबड सोडलं तर पहिल्याच वस्तीत काठी खातं. त्याला सोडता आलं नाही, ते कायमचं पिंजऱ्यात राहिलं. दोष त्याचा नव्हता, आमच्या मांडीचा होता.

तेव्हापासून पिल्लांचं खाणं पडद्याआडून, चिमट्याने. चिमट्याला कापडी घुबडाचं डोकं, हात खाकी बाहीत. बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, फक्त नंबर. आणि शक्य असेल तर पिल्लू आणायचंच नाही. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की झाडाखाली पिल्लं सापडल्याचे फोन सुरू होतात. पक्ष्याला घाम येत नाही, तो तोंड उघडून गळा थरथरवतो आणि तिथलं पाणी वाफ करून अंग थंड ठेवतो, म्हणून ही पिल्लं लवकर वाळतात. पण धडधाकट असेल ते टोपलीत घालून त्याच झाडावर ठेवलं की आई-बाप येतात. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतो, ही नुसती समजूत आहे.

महालची घार सव्वीस दिवस राहिली. टाके सुटले, मग पट्टी लवकर काढली. जास्त दिवस बांधला तर पंख आखडतो. शेपटीची दोन पिसं मोडली होती. पूर्ण वाढलेलं पीस नखासारखंच, त्यात जीव नसतो, पुढच्या वेळी झडेपर्यंत नवीन येत नाही. डॉक्टरांनी जुन्या झडलेल्या पिसांचे तुकडे बांबूच्या काडीने त्या देठांत बसवले. ही ससाणे पाळणाऱ्यांची शेकडो वर्षं जुनी युक्ती. मग मोठा पिंजरा, रोज थोडं उडणं.

मी दार उघडलं की ती कोपऱ्यात पाठीवर पडून दोन्ही पाय वर करायची, नख्या ताणून. चौथ्या आठवड्यात तिने माझा हातमोजा फाडला. संध्याकाळी डॉक्टरांनी तिच्या कार्डावर वजन लिहिलं, पंखाची नोंद केली आणि खाली लिहिलं: स्वभाव वाईट. सोडायला हरकत नाही.