सीएसएस बदलताय? थीमच्या मूळ फाइलला हात लावू नका

"कालपर्यंत साइट व्यवस्थित होती, आज सगळे रंग उडालेत. तुमच्याकडून काही झालं का?" असा फोन आम्हाला दर महिन्याला येतोच. आमच्याकडून काही झालेलं नसतं. थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारा तयार साचा, अपडेट झालेली असते आणि तुम्ही केलेले बदल त्यात पुसले गेलेले असतात. म्हणून हे माहितीपत्रक. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे आणि डॅशबोर्डमध्ये तुमची रोजची ये-जा आहे, असं धरून लिहितोय.

चूक होते ती अशी. बटणाचा रंग बदलायचा असतो. एखाद्या व्हिडिओत पाहून तुम्ही 'थीम फाइल एडिटर' उघडता, स्टाइल डॉट सीएसएस या फाइलमध्ये (सीएसएस म्हणजे पानाचे रंग, अंतर, मांडणी ठरवणारे नियम) रंग बदलता, सेव्ह करता आणि बदल लगेच दिसतो. पण ती फाइल थीम बनवणाऱ्यांची आहे. अपडेट येतं तेव्हा वर्डप्रेस थीमचं जुनं फोल्डर काढून त्या जागी नवीन ठेवतं. त्यात तुमच्या चार ओळी होत्या का, हे ते पाहत नाही.

कोकणातल्या आमच्या एका होमस्टेवाल्या ग्राहकांनी रात्री जागून असं पान सजवलं होतं: खोल्यांचे फोटो दोन रांगांत, बुकिंगचं बटण भगवं. ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर अपडेट आलं आणि फोटो पुन्हा एकाखाली एक झाले. बॅकअपमधून जुनी फाइल काढून, नव्या थीमशी ओळ न् ओळ ताडून सगळं परत बसवायला आमचा अख्खा दिवस गेला. अशा कामाचे पैसे आम्ही वेगळे घेतो ते यासाठी.

"मग अपडेटच बंद ठेवा ना!" असंही सुचवलं जातं. ते आम्ही करत नाही आणि करणारही नाही. अपडेटमधून सुरक्षेच्या त्रुटीही बुजवल्या जातात. रंग उडाला तर परत देता येतो, पण हॅक झालेली साइट निस्तरणं फार महागात पडतं. याच कारणासाठी आमच्या नव्या साइट्सवर थीम फाइल एडिटर आम्ही बंदच ठेवतो. "साइट आमची, मग कुलूप का?" हा प्रश्न रास्त आहे. कुलूप फक्त त्या एका दारालाच आहे, बाकी सगळी दारं तुमच्यासाठी उघडी आहेत.

छोट्या बदलांसाठी कस्टमायझरमध्ये (डॅशबोर्डमधली साइटचं रूप बदलायची जागा) 'अ‍ॅडिशनल सीएसएस' नावाचा रकाना आहे. वर्डप्रेस ४.७ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, तो सगळ्यांना मिळतो. ब्लॉक थीम (सगळी साइट ब्लॉक जोडून मांडणारी नव्या पद्धतीची थीम) असेल तर तो साइट एडिटरमधल्या 'स्टाइल्स'मध्ये सापडेल. तिथे लिहिलेलं डेटाबेसमध्ये जातं, त्यामुळे थीम अपडेट झाली तरी टिकतं. मात्र ते त्या थीमपुरतंच असतं. थीम बदलणार असाल तर आधी कॉपी करून ठेवा. मांडणीच बदलायची असेल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली आणि फक्त तुमचे बदल ठेवणारी थीम, हवी. तिचं फोल्डर वेगळं असतं, त्यामुळे मूळ थीम खुशाल अपडेट होते. आमच्याकडून घेतलेल्या साइटला ती पहिल्या दिवसापासून असते. दुसरीकडून केलेल्या साइटलाही आम्ही बसवून देतो.

लिहिलं पण दिसत नाही? आधी कॅशे (साठवून ठेवलेली पानाची जुनी प्रत) साफ करा. तरीही नाही दिसलं तर त्या भागावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. तुमच्या ओळीवर आडवी रेघ असेल तर थीमचा दुसरा नियम तिच्यावर भारी पडतोय. अशा वेळी जिथे तिथे 'इम्पॉर्टंट' (नियम जबरदस्तीने लागू करणारा शब्द) चिकटवू नका, पुढे गुंता होतो. सिलेक्टर, म्हणजे नियम पानाच्या कोणत्या भागाला लागू हे सांगणारा तुकडा, जास्त नेमका करा. आणि बंद करायचा महिरपी कंस राहिला नाही ना, ते पाहा. तो राहिला की पुढचे नियमही बिघडतात.

मराठी साइटसाठी दोन गोष्टी आवर्जून सांगायच्या आहेत, कारण बहुतेक थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. पहिली, लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकात दोन पिक्सेल अंतर शोभून दिसतं, पण 'हापूस आंबा' या शीर्षकाला तेच दिलं की शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी पडतात. मराठी मजकुराला ते शून्यच ठेवा. दुसरी, लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या किती पट ओळीची उंची. शीर्षकाला १.१ असेल तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो. आम्ही शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ च्या आसपास ठेवतो. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घेतला तर लहान आकारातही वाचायला त्रास होत नाही.

वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांना रंग, फॉन्ट, अंतर असे किरकोळ बदल आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पानाची लिंक, स्क्रीनशॉट आणि बदल मोबाइलवर हवा की कॉम्प्युटरवर, एवढं पाठवा. मूळ फाइलमध्ये आधीच काही बदललं असेल तर तेही मोकळेपणाने सांगा. पुढचं अपडेट येण्याआधी तुमच्या ओळी आम्ही चाइल्ड थीममध्ये हलवून ठेवू.