कृत्रिम नखांची निवड

नैसर्गिक नखाची लांबी किंवा मजबुती वाढवण्यासाठी त्यावर चिकटवलेल्या अथवा घडवलेल्या प्लास्टिकच्या आवरणाला कृत्रिम नख म्हणतात. चिकटवायची तयार नखे म्हणजे प्रेस-ऑन, ॲक्रिलिक, जेल आणि डिप पावडर हे त्याचे नेहमीचे प्रकार. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतल्या पार्लरांत ती करून मिळतात. तयार नखांचे संच महाद्वार रोडच्या बांगड्या-टिकल्यांच्या बाजारातही मिळतात. निवडताना बहुतेकींचे लक्ष रंगाकडे आणि आकाराकडे असते. पण आधी विचारावे ते हे की, हे नख काढायचे कसे? नखाचे बरेचसे नुकसान लावण्यापेक्षा काढताना होते.

एखाद-दुसऱ्या समारंभापुरती नखे हवी असतील तर प्रेस-ऑन पुरेशी असतात आणि बहुतेक वेळा तीच योग्य ठरतात. संचात वेगवेगळ्या मापांची नखे येतात. बोटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसेल, पण कातडीवर चढणार नाही, असे माप निवडावे. दोन मापांच्या मधले नख असेल तर मोठे घेऊन कडा घासून घ्यावी; लहान नख दाबून बसवले की कडेने उचलते. चिकटपट्टीवर ते एखादा दिवस टिकते, गोंदावर आठवडाभर किंवा थोडे अधिक. हा गोंद सायनोॲक्रिलेटचा असतो. तो सुती कापडावर सांडला तर रासायनिक क्रियेने इतका तापतो की खालची कातडी भाजू शकते. म्हणून सुती साडी नेसून, मांडीवर पदर घेऊन नखे चिकटवू नयेत. काढताना कोमट साबणाच्या पाण्यात थोडे तेल घालून बोटे बुडवून ठेवावीत, नख सुटते.

ॲक्रिलिकचे नाते दातांशी आहे. ज्या प्लास्टिकच्या कवळ्या बनतात, त्याच कुळातली पूड यात वापरतात. १९५० च्या दशकात फ्रेडरिक स्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने स्वतःचे तुटलेले नख दातांच्या साहित्याने सांधले आणि तिथून हा प्रकार पुढे आला, असे सांगितले जाते. कुंचला आधी द्रवात आणि मग पुडीत टेकवला की टोकाला ओलसर मणी तयार होतो. तो नखावर ठेवून पसरवतात आणि काही मिनिटांत तो घट्ट होतो. दिवा लागत नाही. हे नख कडक आणि लांबीला भक्कम असते, मात्र वास उग्र येतो आणि घासताना बारीक धूळ उडते. चांगल्या पार्लरमध्ये एथिल मेथाक्रिलेटचा द्रव वापरतात. स्वस्तातला मिथाइल मेथाक्रिलेट टाळावा. तो इतका कडक बसतो की नख कुठे आपटले तर कृत्रिम नखाऐवजी खालचे खरे नखच उखडते, शिवाय नखे काढायला वापरतात त्या एसीटोन या द्रवात तो सहजी विरघळत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७० च्या दशकातच त्याच्या शुद्ध द्रवाच्या उत्पादनांवर कारवाई केली होती. द्रव कोणता आहे, हे विचारायला ग्राहकाने संकोचू नये.

जेल या नावाखाली दोन-तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि गोंधळ तिथेच होतो. जेल पॉलिश हा खऱ्या नखावरचा रंग आहे, त्याने लांबी वाढत नाही. लांबीसाठी मऊ जेल किंवा हार्ड जेल वापरतात. सगळे प्रकार अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली घट्ट होतात. मऊ जेल एसीटोनमध्ये सुटते. हार्ड जेल सुटत नाही, ते घासूनच उतरवावे लागते, म्हणून ते सराईत हाताकडेच द्यावे. जेल दिसायला नैसर्गिक आणि थोडे लवचीक असते. त्याचा खरा धोका ॲलर्जीचा आहे. अर्धवट घट्ट झालेले जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागले, तर त्यातल्या हेमा (HEMA) या रसायनासारख्या घटकांची ॲलर्जी जडते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांच्या उपचारातल्या तशाच साहित्यानेही त्रास होऊ शकतो. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने हेमा असलेली नखांची उत्पादने केवळ व्यावसायिक वापरापुरती ठेवली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून जेल दिव्याखाली घट्ट व्हायला मदत करणाऱ्या टीपीओ (TPO) या घटकावर बंदी घातली. ऑनलाइन मागवलेला संच आणि भलत्याच कंपनीचा दिवा अशी जोड घरी लावणे धोक्याचे आहे, कारण दिवा जेलशी जुळला नाही तर ते अर्धवटच घट्ट होऊ शकते.

डिप पावडरमध्ये गोंदाचा थर देऊन रंगीत पूड चढवतात. ती टिकाऊ असते. मात्र अनेकींची बोटे एकाच डबीत बुडवू देऊ नयेत, पूड वरून चमच्याने घालायला सांगावे.

कोल्हापुरी घरात हातांना काय काय करावे लागते, याचाही निवडीशी संबंध आहे. भाकरी थापणाऱ्या बाईच्या लांब नखांखाली पीठ अडकते, आणि भाकरी आचेवर फुगवताना प्लास्टिक मऊ पडते, पेटूही शकते. तांबडा-पांढरा रस्सा भाकरी कुस्करून हातानेच खायचा असतो. बोटाच्या टोकाशी बेतलेली गोल नखे तिथे सोयीची. हळदीचा पिवळा डाग फिक्या जेलवर पक्का बसतो. लग्नाआधी नखे करायची तर हळद आणि मेंदी आटोपून करावीत. पार्लरची वेळ आधीच ठरली असेल, तर निदान गडद रंग घ्यावा. पावसाळ्यात हात सतत ओले राहतात. कडेने उचललेल्या नखाखाली पाणी साचले की स्युडोमोनास जिवाणूंमुळे हिरवट डाग पडतो. त्यावर नवा थर चढवून तो झाकू नये. नख काढून कोरडे ठेवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढते. त्यामुळे ॲक्रिलिक किंवा जेलच्या मुळाशी दोन-तीन आठवड्यांत फट दिसू लागते आणि रिफिल करावे लागते, म्हणजे ती फट भरून घ्यावी लागते. हा फेरा परवडणारा नसेल, तर तो सुरूच करू नये. ॲक्रिलिक किंवा मऊ जेल काढताना वरचा चकचकीत थर घासायचा, एसीटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून बोटाला फॉइल गुंडाळायची आणि दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. थर सुरकुतून वर आला की लाकडी काडीने हलकेच ढकलायचा. जिथे तो अजून धरून असेल तिथे पुन्हा भिजवायचे. घाईने खरवडले की खऱ्या नखाचे पापुद्रे सोबत निघतात, आणि असे पातळ झालेले नख मुळापासून नवे यायला चार ते सहा महिने लागतात. एसीटोन पेट घेतो, म्हणून हे काम गॅसजवळ किंवा देवघरातल्या समईपाशी करू नये.

रुग्णांची थेट सेवा करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांनी कृत्रिम नखे लावू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची हातांच्या स्वच्छतेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण हात धुतल्यावरही नखांखाली जंतू राहतात. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णानेही निदान एका बोटाचे नख उघडे ठेवावे. रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र बोटालाच लावतात.