शाकारणी चुकली तिथे: कोकणातल्या वाचनालयांच्या दुरुस्तीमागचा इतिहास

कोकणातल्या गावात वाचनालयाचे काम काढायचे ठरले की पहिल्या बैठकीत विषय निघतो तो पैशांचा. किती लागतील, कोण देईल, सरकारकडून काय सुटेल. हे सगळे विचारायलाच हवे. पण त्याआधीचा प्रश्न असा, की साठ-सत्तर पावसाळे खणखणीत काढलेली वास्तू अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांतच का खचली? त्याचे उत्तर इमारतीच्या वयात नाही. ते वाचनालय सांभाळायचे कुणी आणि केव्हा, या जुन्या रिवाजात आहे, आणि त्या रिवाजाचा गाभा म्हणजे शाकारणी: दरवर्षी पावसाआधी कौले उचलून छप्पर नीट करणे.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ काढले ते ६ जानेवारी १८३२ ला. म्हणजे मराठीतले पहिले वृत्तपत्र निघाले तेव्हा रत्नागिरीचे वाचनालय चार वर्षांचे झाले होते. पुढे सावंतवाडीत १८५२ मध्ये आणि चिपळुणात १८६४ मध्ये वाचनालये उभी राहिली. चिपळूणचे आज लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर म्हणून ओळखले जाते, आणि २०१३ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवण्याइतके बळ त्या संस्थेत होते. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाने अख्खे संमेलन पेलावे, यावरून या संस्था गावात किती खोल रुजल्या आहेत ते कळते.

लहान गावांतली वाचनालये बहुतेक वर्गणीतून निघाली. मास्तर, वकील, पोस्टातले कारकून, व्यापारी अशी चार माणसे एकत्र यायची, एखाद्याच्या ओटीवर कपाट यायचे, टपालाने आलेले वर्तमानपत्र तिथे मोठ्याने वाचले जायचे. स्वतःची इमारत व्हायला पुढे वीस-तीस वर्षे लागायची. जागा एकाने द्यायची, चिरे दुसऱ्याच्या खाणीतून यायचे, तुळईला फणस किंवा किंजळ तिसऱ्याच्या बागेतला. मुंबईतल्या चाकरमान्यांची मंडळे पैसे जमवायची आणि शिमग्याला किंवा गणपतीला येताना पुस्तकांचे गठ्ठे आणायची. आजही जुन्या कपाटावर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी दिसते आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का, त्याखाली दाखल क्रमांक आणि देणाऱ्याचे नाव शाईने लिहिलेले असते. या नोंदी दुरुस्तीच्या काळात फार उपयोगी पडतात, त्याकडे पुढे येऊ.

सरकारचा हात नंतर लागला. मुंबई सरकारने १९३९ मध्ये कायदेपंडित आसफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिच्या शिफारशींवरून १९४७ पासून प्रादेशिक, जिल्हा, तालुका अशी ग्रंथालयांची उतरंड मान्य होऊ लागली. मग महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ आला, तो १ मे १९६८ पासून लागू झाला. या कायद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे. शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकर ठेवला आणि ग्रंथालये खात्यामार्फत चालवली. महाराष्ट्राने उपकर ठेवला नाही. वाचनालये लोकांच्या संस्थांचीच राहिली आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग देऊन अनुदान देते. त्यामुळे आपल्याकडे इमारत, गळती, वाळवी, वायरिंग ही सगळी जबाबदारी संस्थेची, म्हणजे शेवटी गावाची.

अनुदान किती, तेही पाहू. ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार मिळत. २०२२-२३ पासून साठ टक्के वाढ झाली तेव्हा ही रक्कम ४८ हजारांवर आली. ती हप्त्याने येते आणि तिच्यातूनच ग्रंथपालाचे मानधन, पुस्तके, नियतकालिके, वीजबिल भागवायचे. यातून छप्पर होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही धरू नये. इमारतीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. हे प्रतिष्ठान १९७२ चे. त्याच्या समान निधी योजनेत राज्याचा वाटा आणि प्रतिष्ठानचा वाटा एकत्र येतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो, आणि लहान गावांचे घोडे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते: धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद. विश्वस्त वारले, नवे आले, पण बदल अर्ज दिलाच नाही किंवा मंजूर झाला नाही. मग कागदावर दहा वर्षांपूर्वीचे मंडळ आणि सही करणारे वेगळे. शिवाय जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड मूळ दात्याच्याच नावावर राहिलेले असते. इंजिनीअर बोलावण्याआधी हे दोन कागद सरळ करावेत. त्याला सहा महिने सहज जातात.

आता इमारतीकडे. जुने वाचनालय म्हणजे जांभ्याच्या चिऱ्याची जाड भिंत, चुन्याची दरज, वर लाकडी आढे, वासे, रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि मंगलोरी कौले. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यावर ही कौले किनाऱ्याने वर पसरली; त्याआधी सगळीकडे नळीची कौले होती. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो, आणि चुना त्याला ते सोडू देतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. त्या पावसात ही रचना टिकली याचे कारण दरवर्षी एप्रिल-मेमध्ये होणारी शाकारणी.

शाकारणीत काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कौल उचलले की त्याच्या खालच्या बाजूला एक नाक असते, ते रिपेवर अडकते. रीप कुजली की नाक सुटते, कौल दोन बोटे खाली घसरते आणि वरच्या कौलाशी असलेला सांधा उघडा पडतो. खालून पाहिले तर काही दिसत नाही. पहिल्या जोराच्या सरीत तिथून थेंब येतो, तो वाशावरून वाहत भिंतीपर्यंत जातो आणि गळती भलत्याच कोपऱ्यात दिसते. म्हणून गळती जिथे दिसते तिथले कौल बदलून भागत नाही. उतारावर वर शोधत जावे लागते. कौलांच्या पन्हळीत साठलेला आंब्या-फणसाचा पाला काढायचा, फुटकी कौले बदलायची, कुजलेली रीप नवी ठोकायची, कोनाळे, म्हणजे छपराचे दोन उतार मिळतात ते कोन, साफ करायचे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले बसतात. त्यातली दरवर्षी पाच-सात बदलली तर छप्पर कायम नवे राहते. गावातले दोन जाणते आणि खाली कौले पोचवायला सहा-सात पोरे, असे एक-दोन दिवसांचे हे काम होते. याच दिवशी पुस्तके बाहेर पडवीत काढून झटकायचीही रीत होती.

ही रीत मोडली ती तीन-चार कारणांनी. शाकारणारे जाणते कमी झाले, पोरे शहरात गेली. माकडांचा उपद्रव वाढला. माकडांची टोळी छपरावरून गेली की एका सकाळी वीस कौले फुटतात. अनुदान आल्यावर ‘संस्था बघून घेईल’ अशी समजूत झाली. आणि स्लॅब आला. स्लॅब घातला की वीस वर्षे बघायला नको, असे सगळ्यांनाच मनापासून वाटले. किनाऱ्याजवळ खारे वारे काँक्रीटमधल्या सळीपर्यंत पोचतात, सळी गंजून फुगते, खालचे काँक्रीट पोपडे धरून पडते, आणि मग स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड घालावी लागते. पत्र्याखाली पावसाचा आवाज इतका होतो की जुलैत वाचन कक्षात बसवत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात पत्रे आणि कौले दोन्ही उडाली. फरक इतकाच की कौलारू छपराचे जिथे गेले तिथले तेवढे भरता आले. पत्रा हुकासकट उचलला गेला तर अख्खा पाखा, म्हणजे छपराचा एक उतार, उघडा पडतो आणि खालची सगळी कपाटे भिजतात. आमचे स्पष्ट मत कौलांच्या बाजूचे आहे. माकडांसाठी कौलांखाली पत्रा आणि त्यावर रिपा हा मार्ग महाग पडतो, पण चालतो.

दुसरी चूक भिंतीची. चुन्याची जुनी भिंत ‘मजबूत’ करायला सिमेंटचे प्लास्टर आणि त्यावर ऑइलपेंट लावतात. आत शिरलेले पाणी मग बाहेर निघत नाही. दोन पावसाळ्यांत जोत्यापासून तीन-चार फुटांपर्यंत ओल चढते, पांढरा क्षार फुलतो, प्लास्टर टोकरले की पोकळ वाजते. ते सगळे खरवडून एक उन्हाळा भिंत उघडी सुकू द्यावी, मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा करावा आणि वर चुन्याचाच हात द्यावा. चुना घाईत होत नाही. विरवलेला चुना मुरू द्यावा लागतो, गिलाव्याला आठ-दहा दिवस ओल ठेवावी लागते. म्हणून चुन्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपर्यंत संपवणे बरे.

कामाचा क्रम चुकला तर केलेले काम वाया जाते. आधी छप्पर, मग पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून लांब नेणारे गटार, मग भिंती, वाळवी, वायरिंग, शेवटी फरशी आणि रंग. अनेक ठिकाणी नेमके उलटे होते, कारण देणगीदाराला रंग आणि फर्निचर दिसते, गटार दिसत नाही. वाळवीसाठी भिंत आणि जमीन मिळते तिथे फूटभर अंतरावर १२ मिलिमीटरची भोके पाडून औषध सोडतात आणि भोके बुजवतात; हे फरशी घालायच्या आधी झाले पाहिजे. लाकडी पट्ट्यांतले जुने वायरिंग पूर्ण काढावे. ओल्या भिंतीत करंट उतरतो, त्यामुळे मेन स्विचजवळ आरसीसीबी, म्हणजे करंट उतरताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

वरच्या मजल्यावर पुस्तके न्यायची असतील तर वजनाचा हिशेब इंजिनीअरकडून लेखी घ्यावा. राहत्या घराच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. पुस्तकांच्या दालनाला भारतीय मानकानुसार ६०० किलो धरावा लागतो. तिप्पट. जुन्या लाकडी माडीवर एका रांगेत लोखंडी रॅक लावले की तुळई वाकते ती यामुळे.

पुस्तकांची हलवाहलव हे गावाने करण्याचे काम, आणि इथे दाखल नोंदवही कामी येते. एका पिशवीत वीस पुस्तकेच भरावीत. त्याहून जास्त भरली की पिशवी फाटते किंवा उचलणाऱ्याची पाठ धरते. पिशवीवर कपाट क्रमांक, खण क्रमांक, पहिला आणि शेवटचा दाखल क्रमांक लिहावा. पिशव्या गावातल्या घरांत वाटून ठेवल्या तरी चालते, फक्त कुणाकडे काय याची वही एकाच माणसाकडे असावी. याच वेळी जीर्ण पुस्तके बाद करण्याची घाई होते. कार्यकारी मंडळाचा ठराव आणि यादी झाल्याशिवाय एकही पुस्तक रद्दीत जाऊ नये. फाटके मासिक, गावच्या उत्सवाची स्मरणिका, जुने पंचांग यांची दुसरी प्रत पुष्कळदा कुठेच नसते.

परत लावताना कपाट बाहेरच्या भिंतीपासून सहा इंच पुढे आणि खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर ठेवावा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि आपला पावसाळा त्याच्या कितीतरी वर असतो. काचेची बंद कपाटे त्यामुळे श्रावणात आतून कुबट होतात. जाळीची दारे आणि वर फिरता पंखा जास्त उपयोगी. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतात, पण दर दोन-तीन महिन्यांनी बदलल्या नाहीत तर त्या नुसत्या शोभेच्या.

पुराच्या गावांना वेगळा विचार करावा लागतो. चिपळुणात २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचे पाणी शहरात शिरले. दोन्ही वेळा वाचन मंदिरालाही त्याने गाठले. भिजलेल्या पुस्तकाला ४८ तासांत बुरशी धरू लागते. उन्हात टाकले तर पाने वाकडी होऊन ताठरतात. पुस्तक उभे करून, पाने किंचित उघडून, पंख्याखाली ठेवावे. मध्ये कोरा कागद घालून दर काही तासांनी बदलावा. गुळगुळीत कागदाची पाने ओली असतानाच सुटी करावीत, सुकल्यावर ती वीट होतात. एकदम हजारो पुस्तके भिजली तर सगळी सुकवणे हातात राहत नाही. अशा वेळी पिशव्यांत बांधून उणे १८ अंशांत गोठवली तर बुरशी थांबते आणि नंतर थोडी थोडी काढून सुकवता येतात. किनाऱ्यावर मासळीची शीतगृहे आहेत. त्यांच्याशी बोलणे मे महिन्यातच करून ठेवावे.

आजच्या नूतनीकरणाला निमित्त बहुतेक वेळा अभ्यासिकेचे असते. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी सहाला येतात, रात्री दहापर्यंत बसतात, आणि त्यांना पुस्तकांपेक्षा टेबल, उजेड, प्लग आणि स्वच्छ संडास हवा असतो. जुन्या सभासदांना हे खटकते. पण रोज सोळा तास इमारतीत माणसे असणे हीच गळती लवकर कळण्याची सगळ्यात चांगली सोय आहे. काही ठिकाणी या मुलांकडून फी कमी घेऊन त्या बदल्यात आठवड्यातून दोन तास कपाटे झटकण्याचे काम घेता येईल.

देणग्या घेताना आयकर सवलतीची (८०-जी ची) पावती द्यायची असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीने घेऊ नये, तिच्यावर देणाऱ्याला सवलत मिळत नाही. जमलेल्यातली काही रक्कम काम संपण्याआधीच वेगळ्या ठेवीत टाकावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षीची शाकारणी व्हावी, असा ठराव वार्षिक सभेत लिहून घ्यावा. ठरावात तारीख घालावी: अक्षय तृतीयेनंतरचा पहिला रविवार. तेव्हा चाकरमानी गावात असतात, आंबा उतरवायला माणसे आलेली असतात, आणि पाऊस अजून काही आठवडे लांब असतो.