रेड लिस्ट (लाल यादी)

कुठली प्रजाती नामशेष व्हायच्या किती जवळ आलीय हे सांगणारी जागतिक यादी. ती आययूसीएन (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) चालवते. ही संस्था ५ ऑक्टोबर १९४८ ला फ्रान्समधे फाँतेनब्लोला स्थापन झाली, मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या ग्लांला.

यादी नक्की कधी सुरू झाली यावर एकमत नाही. संस्था स्वतः १९६४ धरते, २०१४ ला पन्नाशीही साजरी केली. पण १९४९ च्या लेक सक्सेस (न्यूयॉर्कजवळचं गाव) इथल्या निसर्गरक्षण परिषदेतच धोक्यातल्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची एक छोटी यादी झाली होती, आणि 'रेड डेटा बुक'ची, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या नोंदवहीची, कल्पना ब्रिटिश निसर्गतज्ज्ञ पीटर स्कॉट यांची, साधारण १९६३ ची मानतात. प्रत्यक्ष पुस्तक आलं १९६६ ला, सुट्या पानांचं, म्हणजे एखाद्या प्राण्याची स्थिती बदलली की तेवढं पान काढून नवीन घालायचं. धोका टळलेल्यांची पानं हिरवी. १९६४ हे वर्षपूर्तीला सोयीचं आहे, पण आज आपण जिला रेड लिस्ट म्हणतो ती खरं तर १९९४ चीच म्हणावी लागेल.

कारण त्याआधी प्रजातीचा धोक्याचा वर्ग बराचसा तज्ज्ञांच्या अंदाजाने ठरायचा. जॉर्जिना मेस आणि रसेल लँडे या शास्त्रज्ञांनी १९९१ ला आकड्यांवर आधारलेले निकष सुचवले, त्यांच्यावरून १९९४ ची पद्धत बसली, आणि २००१ ची ३.१ आवृत्ती आजही चालते. निकष पाच, अ ते इ. त्यातला एक जरी लागू झाला तरी पुरे. इथे लोक हमखास गोंधळतात, त्यांना वाटतं संख्या कमी म्हणजेच धोका. तसं नाही. अ निकष घसरणीचा वेग बघतो, १० वर्षं किंवा तीन पिढ्या, जे जास्त असेल ते, आणि तेवढ्यात ८०% घट झाली (कारण अजून चालू असेल तर) की थेट अतिसंकटग्रस्त (जिवंत रानटी प्रजातींसाठी सगळ्यात गंभीर वर्ग, त्याखालचा संकटग्रस्त). पांढऱ्या पाठीचं गिधाड २००० ला असंच त्या वर्गात गेलं, तेव्हा ती हजारोंनी शिल्लक होती. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाणारं, हे कारण २००४ ला पक्कं झालं, भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली २००६ ला. ड निकष मात्र निव्वळ संख्येचा: पिल्लं धरायची नाहीत, प्रजननक्षम ५० पेक्षा कमी उरले तर अतिसंकटग्रस्त, २५० पेक्षा कमी तर संकटग्रस्त.

वर्ग नुसत्या नव्या माहितीनेही बदलतो, खानदेशातला रानपिंगळा (छोटं घुबड) हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुनाच नव्हता. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना चोरलेला, त्यावरची नोंद बनावट, हे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी उघड केलं आणि १९९७ ला त्यांनीच सहकाऱ्यांसोबत शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत शोधला. २०१८ ला त्याला अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आणलं. पक्षी वाढले म्हणून नव्हे, नव्या जागा सापडल्या म्हणून.

यादीला कायद्याचं बळ नाही. व्यापारबंदी साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातून येते (१९७३ चा, १९७५ ला लागू, भारत १९७६ पासून सदस्य), आणि आपला 'शेड्यूल एक' (सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्रजातींची यादी) तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातला, त्याचा या वर्गांशी थेट संबंध नाही. आतापर्यंत दीड लाखाहून जास्त प्रजाती तपासल्यात. पक्षी जवळजवळ सगळे झालेत, त्यांचं काम बर्डलाइफ ही पक्षीरक्षण संस्था बघते. कीटक, बुरशी यांच्या नोंदी अजून फार तोकड्या आहेत.