भुकेच्या हिशेबावर चालणारी शिकार

पश्चिम मंगोलियातल्या बायान-उल्गी प्रांतात कझाख पशुपालक सोनेरी गरुड हातावर घेऊन कोल्ह्यांच्या शिकारीला निघतात. माहितीपटांत दिसतात ती बहुधा शेवटची काही मिनिटं: कड्यावरून सुटलेला गरुड, बर्फात लोळणारा कोल्हा. कसब पणाला लागतं ते त्याच्या कितीतरी आधी, गरुडाचं वजन उतरवताना.

कुत्रा कळपातला प्राणी, मालकाची मर्जी सांभाळतो. गरुड तसा नाही. रागावलेलं त्याला कळत नाही आणि मारलं तर तो कायमचा बिथरतो. त्याला माणसाकडे परत आणणारी गोष्ट एकच, भूक. तीही नेमकी हवी.

उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर, म्हणजे ‘जायलाऊ’वर असतात, तेव्हा गरुडाला सुट्टी असते. त्याची पिसं झडून नवी येत असतात. पीस वाढत असताना उपासमार झाली तर त्यावर आडवी कमकुवत रेघ उमटते आणि हिवाळ्यात ते तिथेच मोडतं. म्हणून या दिवसांत पक्ष्याला पोटभर खाऊ घालतात. साहजिकच शरद ऋतू येईपर्यंत तो लठ्ठ झालेला असतो. अशा गरुडाला सोडलं तर तो समोरच्या सुळक्यावर जाऊन बसतो आणि कितीही हाका मारा, ढिम्म हलत नाही.

मग सुरू होतो ‘अक जेम’, म्हणजे पांढरा चारा. मांसाचे तुकडे पाण्यात भिजवून, पिळून, लाली जाईपर्यंत धुतात. गळ्यातली अन्नपिशवी भरते, पण अंगी फारसं काही लागत नाही, आणि चरबी हळूहळू उतरते. तराजू पूर्वापार नव्हताच. छातीच्या मधल्या हाडावर बोटं फिरवायची आणि दोन्ही बाजूंचं मांस किती भरलंय ते चाचपायचं. हाड धारदार लागू लागलं की उपास थांबवण्याची वेळ टळून गेलेली असते. उणे ३० अंशांत रोडावलेला पक्षी उडेल, पण कोल्ह्याला दाबून धरू शकणार नाही. कोल्हा उलटून पायाला चावतो, जखम चिघळते आणि हंगाम संपतो. म्हणून शिकारीच्या दिवसांत ताकदीपुरतं लाल, रक्ताचं मांसही देतात.

शिकारीसाठी मादीच निवडतात, कारण ती नरापेक्षा बरीच मोठी, ५-६ किलोची असते. एवढं वजन घोड्यावर तासन् तास एका हातावर पेलवत नाही. खोगिराला टेकवलेली ‘बाल्दाक’ नावाची दुबेळकी काठी मनगटाला आधार देते. डोळ्यांवर कातडी टोपी, ‘तोमागा’. दिसेना झालं की पक्षी शांत बसतो. सरावाला ‘शिर्गा’ लागते: मांस बांधलेलं कोल्ह्याचं कातडं घोड्यामागून ओढत न्यायचं, आधी जवळून, मग लांबून.

प्रत्यक्षात एक जण गरुड घेऊन उंच कड्यावर थांबतो, बाकीचे खालून कोल्हा उठवतात. उंचीवरून सोडल्यानं पक्ष्याची शक्ती वाचते. तो एक पंजा कोल्ह्याच्या तोंडावर, दुसरा पाठीवर रोवतो. बोटांतल्या स्नायुबंधांवर बारीक दाते असतात; पकड बसली की ते भोवतीच्या आवरणात अडकतात आणि फारसा जोर न लावता पंजा मिटलेला राहतो. त्यामुळे शिकार हिसकावू नये. नख्यांनी कातडं फाटतं, आणि पुढच्या वेळी गरुड माणूस दिसताच पंख पसरून शिकार झाकतो किंवा ती घेऊन उडू पाहतो. त्याऐवजी शिकारी हातमोज्यावर मांस दाखवतो, की पक्षी आपण होऊन त्यावर चढतो.

काही वर्षं शिकार केल्यावर, साधारण १० वर्षांच्या आत, या मादीला वसंतात सोडून देतात, म्हणजे ती जोडीदार शोधून घरटं करू शकते. सोडतानाही हिशेब भुकेचाच. घरापासून दूर नेऊन तिच्यापुढे मेंढीचं मांस ठेवतात, कारण भुकेली सोडली तर ती ओळखीच्या हातमोज्याकडेच परत येईल.